निळ्या खोलीची घंटी

२३ नोव्हेंबर

घंटी परत वाजली म्हणे. मितू स्कूटर लावता लावताच सांगायला लागली, तेही हिंदीत. पोरगी आमची, मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की लखनौ. "बाबा, आज तो टूरिस्टों के सामने बजी. एक आंटी तो रोने लगीं."

मी विचारलं, त्या वेळी गाईड कुठे होता. "शब्बन मियाँ? वहीं थे, टूर करा रहे थे."

वाटलंच.

सौ. म्हणाली, आधी चहा घ्या, मग चौकशी आयोग बसवा. जन्मभर रेल्वेचे पूल तपासले, आता घरातल्यांना तपासता, असंही म्हणाली. म्हणू दे. मला भुताची भीती नाही. भूत दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, एवढंच.

२४ नोव्हेंबर

मितूने बोलावलं म्हणून कोठीवर गेलो. फैजाबाद रोडवर, चिनहटच्या अलीकडे. कुणा इंग्रज व्यापाऱ्याने राणीच्या काळात बांधलेली, आता एका ट्रस्टचं म्युझियम. मितू तिथे क्युरेटर, पण काँट्रॅक्टवर.

घंट्यांची भानगड नीट लिहून ठेवतो. वर प्रत्येक खोलीत भिंतीला एक दांडी. दांडीला तार, तार भिंतीच्या आतून खाली पँट्रीत. पँट्रीत एका फळीवर ओळीने घंट्या, प्रत्येकीखाली खोलीचं नाव. मालकिणीने वर दांडी ओढली की खाली नोकराला कळायचं, कुठे पळायचं ते. म्हणून घंटी कोठी. सगळ्या घंट्या गप्प असतात. वाजते ती एकच, कोपऱ्यातल्या निळ्या खोलीची. आणि त्या खोलीला कुलूप. किल्ली मितूकडे.

शब्बन मियाँची कथा: मेमसाहेब त्या खोलीत तापाने पडल्या होत्या. पाण्यासाठी घंटी वाजवत राहिल्या. नोकर जेवायला गेलेले. आले तेव्हा संपलेल्या. "हुजूर, आज भी प्यास लगती है उन्हें." हे सांगताना डोळे खाली, हात छातीवर. माणूस पक्का आहे.

घंटी वाजली की झाडूवाली रामरती पाण्याचा ग्लास घेऊन वर जाते, किल्ली मागून घेते, खोलीत ग्लास ठेवून येते. मितूने ही पद्धत बंद केली नाही. का म्हणून विचारलं तर "क्या फर्क पड़ता है बाबा, इनको तसल्ली रहती है."

२७ नोव्हेंबर

आता खरं कारण कळलं मला बोलावण्याचं. ट्रस्टचे सेक्रेटरी वरचा मजला लोकांसाठी उघडणार आहेत, जानेवारीत, शाळांच्या सहलींसाठी. मी एक पत्र द्यायचं, मजला सुरक्षित आहे म्हणून. मोफत, अर्थात. वरचा मजला उघडला की मितूची नोकरी पक्की. हे मितूने नाही सांगितलं, सेक्रेटरींनी सांगितलं, हसत हसत.

निळ्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला आतून तडा आहे. खिडकीच्या कोपऱ्यापासून पार छतापर्यंत. जुना दिसतो, आत धूळ भरलेली. तरी सवयीने काचपट्ट्या लावल्या. पुलांवर हेच करायचो. तड्यावर आडवी पातळ काच, दोन्ही टोकांना प्लास्टर. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काच शाबूत तर भिंत शाबूत. यात वाद घालायला जागा नाही.

काच अमीनाबाद बाजारातून कापून आणली, फोटोफ्रेमची, पातळ. कडा घासून घेतल्या नाहीत, त्यामुळे लावताना बोट कापलं. सौ.ने हळद दाबली आणि वर ऐकवलं की या वयात सांगितलंय कुणी.

२ डिसेंबर

शब्बन मियाँच्या (यापुढे श.मि. लिहितो) मागे मागे फिरलो, पाहुणा असल्यासारखा. कानपूरच्या ग्रुपला मेमसाहेब तापाने मेल्या. दिल्लीच्या जोडप्याला, नवऱ्याने विष दिलं. कॉलेजच्या पोरींना सांगितलं की प्रियकराची वाट बघत होत्या, घंटी त्याच्यासाठी होती. तिसऱ्या कथेला सगळ्यात जास्त फोटो निघाले.

मी बाजूला घेऊन म्हटलं, मियाँ, बाई एकदाच मेली असेल ना. जराही ओशाळले नाहीत. "हुजूर, जैसा मेहमान वैसा दस्तरख्वान." म्हणजे जसा पाहुणा तसं ताट.

तार कुठून तरी हाच ओढतो. जिना, पडदा, काहीतरी असणार. शोधतो.

६ डिसेंबर

पट्ट्या बघून आलो. सगळ्या अख्ख्या. मधल्या काळात घंटी मात्र रोज, कधी कधी दिवसातून अनेकदा. म्हणजे भिंत हलत नाही आणि घंटी वाजते. म्हणजे माणूसच.

शेजारच्या प्लॉटवर मोठा खड्डा घेतलाय, कसल्याशा दुकानांचं तळघर. पोकलेन दिवसभर घरघर करतंय. क्षणभर मनात आलं, पण काच शाबूत आहे, मग कशाला त्या वाटेला जायचं.

तिकिटं वाढलीत, मितू सांगत होती. कुणीतरी फोनवर व्हिडिओ टाकला घंटीचा. खूष होती. बऱ्याच दिवसांनी तिला इतकं खूष पाहिलं. बरं वाटलं, आणि मग तेही वाटलं. ते इथे लिहीत नाही.

१० डिसेंबर

लिहितोच. रोजनिशीत लपवायचं म्हणजे कमालच.

भुताचा फायदा कुणाला? श.मि.ला बक्षिसी. पण मुख्य फायदा कोठीला, म्हणजे वरच्या मजल्याला, म्हणजे मितूला. आणि किल्ली तिच्याकडे.

सौ.ला बोललो नाही. बोललो असतो तर जेवण मिळालं नसतं.

१४ डिसेंबर

आज पँट्रीत ठाण मांडून बसलो, सकाळपासून. श.मि.ला समोरच बसवलं, चहा पाजला, हलू दिलं नाही. ते आपले पाय मुडपून बसले आणि मला बुलबुलांच्या जातींवर ऐकवत राहिले.

जेवणाच्या सुमारास घंटी वाजली. मी पाहिलं. आधी घंटी जिला टांगलीय ती पोलादी पट्टी थरथरली, मग टण्. मग पुन्हा. श.मि.चे दोन्ही हात कपबशीवर. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, नाटक नव्हतं ते. मला म्हणाले, "हुजूर, किस्से हम गढ़ते हैं. ये हम नहीं बजाते." मला पटलं. नाइलाजाने.

धावत वर गेलो. निळी खोली कुलूपबंद. मितू ऑफिसात, फोनवर बोलत होती, किल्ली तिच्यासमोर टेबलावर. मला धापा टाकताना बघून फोनवर हात ठेवला. "क्या हुआ बाबा? पानी दूँ?"

पोरीवर संशय घेत जिना चढत होतो. लाज वाटली.

पण किल्ली तिच्यासमोरच होती, हेही खरं.

१५ डिसेंबर

सौ.ला शेवटी सांगितलं. तिने शांतपणे भाजी निवडून संपवली, मग म्हणाली, "अहो, तुम्ही तिला लहानपणी पण असंच करायचात. पेन्सिल हरवली की आधी तिचंच दप्तर उलटं." मी म्हटलं, तपासणी सगळ्यांची सारखीच व्हायला पाहिजे. "ती पूल आहे का?" म्हणाली आणि उठून गेली.

१९ डिसेंबर

पत्र लिहून नेलं होतं. "वरचा मजला उघडण्यास हरकत नाही." सही तेवढी राहिली होती. पत्र देण्याआधी एकदा पट्ट्या बघाव्यात म्हणून रामरतीकडून निळी खोली उघडून घेतली.

पट्ट्या शाबूत. नेहमीसारख्या. मी मधल्या पट्टीवरून सहज बोट फिरवलं. कड गुळगुळीत.

माझी काच घासलेली नव्हती. माझ्या बोटावर अजून वण आहे.

दुसरी बघितली. तीही गुळगुळीत, आणि जाडीला जास्त. प्लास्टरही माझं नव्हतं, पांढऱ्या सिमेंटसारखं काहीतरी. सगळ्या बदललेल्या. मग तार बघितली, दांडीपासून भिंतीत जाते तिथे. बाकीच्या खोल्यांत तार सैल लोंबते. इथे ताणलेली. बोटाने टिचकी मारली आणि खाली घंटी वाजली. रामरती दारात उभी होती, ती "राम राम" करत भिंतीला टेकली. मी तिला म्हटलं, त्या भिंतीला टेकू नको.

भिंत बाहेरच्या बाजूला जातेय. खड्ड्याकडे. तार भिंतीबरोबर ओढली गेली, आता पोकलेनने जमीन हादरली की घंटी वाजते. इतके दिवस ती घंटी मला सांगत होती आणि मी माणूस शोधत होतो. इथे जानेवारीत शाळेची पोरं रांगेने उभी राहणार होती, माझ्या सहीवर.

भीती वाटली. खरंच वाटली. पत्र फाडून खिशात घातलं.

२० डिसेंबर

रामरतीला विचारलं. रागावलो नाही, सौ.ची शपथ. ती स्वतःहूनच बोलली.

मेमसाहेबांचं पाणी ठेवायला गेली की तिला काच तडकलेली दिसायची. एकदा नाही, अनेकदा. "चटका शीशा घर में नहीं रखते बाबूजी. मेमसाहब और बिगड़तीं." म्हणून तडकलेली काढायची, नवी लावून घ्यायची. चौकातल्या एका फ्रेमवाल्याकडून तिचा भाऊ कापून आणायचा, कडा घासून, कुणाचं बोट कापू नये म्हणून. तिला वाटायचं, बाबूजींनी भिंतीची शोभा म्हणून लावलीय, किंवा नजर लागू नये म्हणून.

तिला काय बोलणार. सौ. सुद्धा तडा गेलेला आरसा दिवसभर घरात ठेवत नाही. आमच्याकडे सांगलीलाही नव्हते ठेवत. मीच कुणाला सांगितलं नाही, ही काच तडकण्यासाठीच आहे म्हणून. साहेबी सवय. लावायची आणि निघून जायचं.

इथवर ठीक होतं. मग ती म्हणाली, "दीदी से पूछ के लगाया था. दीदी बोलीं, हाँ लगवा दो."

२१ डिसेंबर

झोप नाही.

मितू आठ-नऊ वर्षांची असेल. सुट्टीत तिला तपासणीला बरोबर न्यायचो, सौ. ओरडायची तरी. ट्रॉलीवर मांडीत बसवून. प्लास्टरचं भांडं तिच्याकडे द्यायचो. तड्यावर काच का लावायची, हे मीच तिला सांगितलंय. तेव्हा तिने विचारलं होतं, काच तुटली तर पूल पडतो का. मी म्हटलं होतं, काच तुटली तर आपण गाडी थांबवतो.

आता रामरती तिला म्हणते काच तडकली, आणि ती म्हणते नवी लाव.

विसरली असेल. वीस-पंचवीस वर्षं झाली. मी तरी सगळं कुठे लक्षात ठेवतो. पण असल्या गोष्टी पोरं विसरत नाहीत. की विसरतात?

२२ डिसेंबर

जेवण झाल्यावर विचारलं. सौ. मुद्दाम तिथेच बसून राहिली.

मितू म्हणाली, "उसने बोला था काँच झाड़ू से टूट गया. मैंने कहा लगवा दो. बस."

मी म्हटलं, रामरती म्हणते, तडकलेली मिळाली असं सांगितलं.

"तो वो डर के बोल रही होगी. नौकरी का डर है उसको."

नोकरीची भीती तुलाही आहे, हे माझ्या जिभेवर आलं. गिळलं. पण मी न बोलताही तिने ते ऐकलंच. ताट उचलून आत गेली. मी उगाच मिठाचं झाकण लावलं.

२६ डिसेंबर

ट्रस्टला लेखी कळवलं. वरचा मजला बंद, निळ्या खोलीखालचा भागही बंद, भिंतीला लाकडी टेकू. शेजारचं खोदकाम सध्या थांबलंय, पाहणी होणार. सेक्रेटरींचा फोन आला. आवाज गोड, पण हसले नाहीत. मितूचं काँट्रॅक्ट "आगे देखेंगे" म्हणाले.

मितूला मी सांगायच्या आधीच कळलेलं. म्हणाली, "आपने ठीक किया." एवढंच. ठीक केलं म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. रागावली आहे म्हणून, की दुसरं काही? प्रत्येक गोष्टीत दोन अर्थ दिसायला लागलेत मला. वैताग आलाय स्वतःचा.

३० डिसेंबर

टेकू लावून झाले. मी उभा राहून लावून घेतले. धुकं एवढं की खड्ड्याचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. नव्या पट्ट्या लावल्या, माझ्या काचेच्या, कडा न घासलेल्या. या वेळी रामरतीला आणि श.मि.ला समोर उभं करून सांगितलं, तडकली तर हात लावायचा नाही, मला फोन करायचा. प्लास्टरचं भांडं मितूने धरलं. मी मागितलं नव्हतं, तिने स्वतःहून धरलं. मला एकदम भरून आलं. आणि लगेच मनात, हे मला दाखवण्यासाठी धरलं का?

श.मि.ना मी म्हटलं, आता तुमचं भूत गेलं. ते म्हणाले, गेलं कुठे हुजूर, आता तर मेमसाहेब कोठी वाचवणाऱ्या झाल्या, किस्सा आणखी चांगला झालाय. आज दोन ग्रुपना ऐकवलाही. रामरती अजून पाणी ठेवते, वर जायला बंदी म्हणून पँट्रीतच ठेवते. ठेवू दे.

३ जानेवारी

मितू रोज सकाळी पट्ट्यांचा फोटो पाठवते मला. मी सांगितलं नव्हतं. खाली लिहिते, "ठीक है." 

मी फोटो मोठा करून कडा बघतो. सौ.ने आज बघितलं मला तसं करताना.

७ जानेवारी

दुपारी मितूने जेवता जेवता सरळ विचारलं. "बाबा, आपको लगता है मुझे पता था?"

मी म्हटलं, नाही.

लगेच म्हटलं, अजिबात न थांबता. बहुतेक तिथेच चुकलं. खरं उत्तर असतं तर मी आधी दोन घास खाल्ले असते, चष्मा पुसला असता. तिला माझी पद्धत माहीत आहे. "अच्छा," म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

खरं उत्तर काय आहे? मला माहीत नाही. हे तिला कसं सांगायचं. माहीत नाही म्हणजे संशय आहे, असाच अर्थ घेणार ती, आणि तो चूकही नाही. माझी एकुलती एक मुलगी. तिच्यावर माझा जीव आहे, हे लिहायला काही अडत नाही. विश्वास आहे असं लिहायला गेलो की पेन थांबतं.

९ जानेवारी

आज गेलो. तिला न सांगता. सौ.ला सांगितलं, मटार आणायला जातो. ट्रस्टची मीटिंग आहे, मितू तिकडे अडकलेली असणार, हे धरूनच गेलो. श.मि.ने सलाम केला आणि मितूच्या टेबलावरची किल्ली आणून निळी खोली उघडून दिली.

टेकूंच्या मधून वाकून आत गेलो. पट्टीवर बोट फिरवलं. धारदार. माझीच. दुसरी, माझीच. सगळ्या माझ्या, आणि सगळ्या अख्ख्या. तार पुन्हा जराशी सैल वाटली. इतकं हलकं वाटलं की तिथेच खिडकीत बसावंसं वाटलं.

वळलो तर मितू दारात. मीटिंग लवकर संपली असावी, किंवा श.मि.ने सांगितलं असावं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"देख लिया?" म्हणाली.

हो म्हटलं.

"सही है सब?"

हो.

ती आत आली नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, "बाबा, फोटो भेजती रहूँ, या आप रोज आएँगे?"

फोटो पाठव म्हणावं तर मी त्यातही कडा शोधणार. येतो म्हणावं तर त्याचा अर्थ तिला बरोबर कळणार. काहीच नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते खोटं झालं असतं, आणि परवाचं एक खोटं अजून आमच्यात तसंच पडलंय.

मग तिने कुलपातली किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेली.

मटार राहिलेच. किल्ली इथे टेबलावर आहे. मितू अजून आली नाही घरी.